अल्पखर्ची मोशन कॅप्चर : मालाड व मुंबई उपनगरे

माणसाच्या वा प्राण्याच्या शरीराची हालचाल उपकरणांच्या साहाय्याने आकड्यांच्या रूपात नोंदवून ती संगणकातील कल्पित पात्राला देण्याच्या तंत्रास मोशन कॅप्चर (गतिग्रहण) असे म्हणतात. चित्रपट, संगणकीय खेळ, क्रीडाप्रशिक्षण आणि रुग्णांच्या चालीची तपासणी या क्षेत्रांत त्याचा उपयोग होतो. आरंभीची काही दशके हे तंत्र मोठ्या भांडवलाच्या संस्थांनाच परवडणारे होते. २०१० नंतर मात्र त्याची साधने झपाट्याने स्वस्त झाली आणि चार-सहा माणसांच्या खेळनिर्मितिसंस्थांनाही ती वापरता येऊ लागली. अ‍ॅनिमेशनचे काम गेली अनेक वर्षे चालत असलेल्या मुंबईच्या उपनगरांच्या दृष्टीने हे स्थित्यंतर केवळ किमतीपुरते मर्यादित नाही. इतरांनी योजिलेली पात्रे व इतरांनी नोंदविलेल्या हालचाली मेहनतीने पुऱ्या करून देणाऱ्या या परिसराला आपल्या माणसांच्या हालचाली स्वतः नोंदविणे त्यामुळे शक्य झाले आहे.

मूलतत्त्व : हाताने केलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये कलाकार पात्राच्या महत्त्वाच्या ठेवणी प्रथम ठरवितो व मधल्या चौकटी त्यांवरून भरल्या जातात. चित्रपटात एका सेकंदास २४ चौकटी लागत असल्याने हे काम फार वेळ खाते. मोशन कॅप्चरमध्ये खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा इ. सांध्यांची स्थाने क्षणोक्षणी नोंदविली जातात आणि त्यांवरून संगणकात एक सांगाडा उभा केला जातो. या सांगाड्याची गती मग कोणत्याही आकाराच्या पात्रास देता येते. प्रकाशीय पद्धतीत नटाच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणाऱ्या लहान गोळ्या बसवितात व भोवताली अवरक्त कॅमेरे लावतात. एखादी गोळी निदान दोन कॅमेऱ्यांना दिसली, की त्रिकोणमितीच्या आधारे तिचे अवकाशातील स्थान काढता येते. जडत्वाधिष्ठित पद्धतीत कॅमेऱ्यांऐवजी अंगावर बांधलेले लहान संवेदक प्रत्येक अवयवाचे वळणे मोजतात. तिसऱ्या, म्हणजे चिन्हरहित पद्धतीत अंगावर काहीच लावावे लागत नाही. साध्या चलच्चित्रणातून संगणक स्वतःच सांधे ओळखतो.

पूर्वेतिहास : हालचाल नोंदविण्याचे पहिले पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. एडवर्ड मायब्रिज (१८३०–१९०४) यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. त्यांचे समकालीन फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांनी माणसास काळा पोशाख चढवून त्यावर हातापायांच्या रेषेत पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पार्श्वभूमीपुढे त्यास चालविले. छायाचित्रात देह लोपून केवळ पट्ट्यांच्या रेषा उरल्या. आजच्या मोशन कॅप्चरमधील सांगाड्याची कल्पना या प्रयोगात बीजरूपाने आढळते. पुढे अमेरिकेतील मॅक्स फ्लायशर यांनी चित्रित चौकटींवरून रेखाचित्रे गिरवून घेण्याचे रोटोस्कोप हे यंत्र तयार केले. त्याचे एकस्व त्यांना १९१७ मध्ये मिळाले.

महाराष्ट्रात निर्जीव वस्तूंना गती देण्याचा प्रयोग दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी केला. त्यांच्या आगकाड्यांची मौज (१९१५) या लघुपटात आगकाड्या एकेका चौकटीगणिक हलवून चित्रित केल्या होत्या. प्रभात फिल्म कंपनीने १९३४ च्या सुमारास जंबुकाका हा व्यंगपट काढला. स्वातंत्र्योत्तर काळात फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबई येथील व्यंगपट विभागात या कलेचे शिस्तबद्ध शिक्षण सुरू झाले. डिझ्नी संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील कलाकारांना मार्गदर्शन केले आणि द बन्यन डिअर (१९५७) हा लघुपट तयार झाला. या विभागात घडलेले राम मोहन (१९३१–२०१९) यांनी पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनच्या अनेक पिढ्या तयार केल्या. या सर्व कामात हालचालीचा उगम कलाकाराच्या निरीक्षणात व हातात होता. यंत्राची मदत अल्प होती.

मालाडची चित्रपटपरंपरा : पश्चिम रेल्वेवरील गोरेगाव व कांदिवली या स्थानकांमधील मालाड हे भारतीय चित्रपटाच्या इतिहासात बाँबे टॉकीजमुळे प्रसिद्धीस आले. हिमांशू राय व देविका राणी यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचा स्टुडिओ मालाडला होता. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायालेखक योझेफ व्हिर्शिंग यांसारखे जर्मन तंत्रज्ञ तेथे काम करीत. ध्वनिमुद्रण, चित्रण व फिल्म धुण्याची प्रयोगशाळा या सर्व सोयी एकाच आवारात होत्या. अछूत कन्या (१९३६), किस्मत (१९४३) व महल (१९४९) हे या संस्थेचे गाजलेले चित्रपट. १९४० मध्ये राय यांचे निधन झाले, नंतर संस्थेत फूट पडली आणि १९४३ मध्ये तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी गोरेगाव येथे फिल्मिस्तान स्थापन केली. बादबान (१९५४) हा बाँबे टॉकीजचा अखेरचा चित्रपट ठरला. त्या आवारात पुढे लहानलहान कारखाने आले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बाँबे टॉकीजचा इतिहास उद्‌बोधक आहे. त्या काळी चित्रपटाचे तंत्र म्हणजे एकत्र आणलेली महागडी यंत्रे व ती चालविणारे तज्ञ असे समीकरण होते. भांडवल संपले, की यंत्रे बंद पडत आणि यंत्रे बंद पडली, की तंत्रज्ञ विखुरले जात. मोशन कॅप्चरच्या पहिल्या पर्वातही हेच समीकरण कायम राहिले.

विशेष यंत्रणांचा काळ : मोशन कॅप्चरची आधुनिक उपकरणे प्रथम वैद्यकीय उपयोगासाठी विकसित झाली. ब्रिटनमध्ये १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ऑक्सफर्ड मेट्रिक्स या संस्थेची व्हायकॉन प्रणाली रुग्णांच्या चालीच्या परीक्षणासाठी वापरली जाई. १९९० नंतरच्या दशकात खेळांच्या व चित्रपटांच्या निर्मात्यांनी ती स्वीकारली. भारताचा या क्षेत्राशी प्रारंभीच संबंध आला. चेन्नई येथील पेंटाफोर सॉफ्टवेअर या संस्थेच्या सहभागाने तयार झालेला सिंदबाद : बियाँड द व्हेल ऑफ मिस्ट्स (२०००) हा संपूर्णपणे मोशन कॅप्चरने केलेल्या आद्य पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकी एक होय. तो व्यावसायिक दृष्ट्या अपयशी ठरला. रजनीकांत यांची भूमिका असलेला तमिळ चित्रपट कोचडैयान (२०१४) आणि मराठी दिग्दर्शक ओम राऊत यांचा आदिपुरुष (२०२३) यांतही हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले. आदिपुरुषची झलक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तिच्यातील दृश्यांवर टीका झाली व प्रदर्शन पुढे ढकलण्यात आले. हालचाल अचूक नोंदविली, तरी पात्र सजीव वाटेलच असे नाही, हे अशा उदाहरणांवरून दिसते. नोंदीनंतरची मेहनत व कलादृष्टी यांवर बरेच अवलंबून असते.

उपनगरांतील कामाचे स्वरूप : १९९० नंतर मुंबई उपनगरांत संगणकीय अ‍ॅनिमेशनच्या संस्था वाढल्या. घाटकोपरच्या क्रेस्ट अ‍ॅनिमेशनने अल्फा अँड ओमेगा (२०१०) हा अमेरिकन चित्रपट केला. मुंबईच्या प्राण स्टुडिओत डिझ्नीच्या टिंकर बेल मालिकेतील चित्रपटांचे काम झाले. मालाड येथे लॉस अँजेल्सच्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेची शाखा होती. पूर्वीच्या कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या माइंडस्पेस या कार्यालयसंकुलामुळे मालाड पश्चिमेचा लिंक रोडलगतचा भाग याच सुमारास संगणकीय सेवांचे केंद्र बनला.

या कामांपैकी बराच भाग बारकाईचा, परंतु पडद्यावर न दिसणारा असे : चौकटींमधून आकृती कापून वेगळ्या करणे, कॅमेऱ्याची हालचाल जुळविणे, तारा व दोऱ्या पुसणे, नोंदविलेल्या गतीतील थरथर काढणे. पात्र कोणते, ते कसे चालावे व कोणाच्या चालीवरून घ्यावे, हे निर्णय बहुधा दूरदेशी होत. ऱ्हिदम अँड ह्यूजचे उदाहरण या व्यवस्थेतील अस्थैर्य स्पष्ट करते. लाइफ ऑफ पाय (२०१२) या चित्रपटातील वाघ हा बव्हंशी तिच्या कलाकारांनी निर्माण केला होता व त्या कामात मुंबई आणि हैदराबाद येथील शाखांचा सहभाग होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये संस्थेने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्यानंतर त्याच महिन्यात याच चित्रपटाला दृश्य-परिणामांसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. सर्वोच्च कौशल्य आणि आर्थिक अनिश्चितता यांचा असा संयोग या व्यवसायात विरळा नाही.

घरगुती प्रयोगांची परंपरा : स्वस्तात हालचाल मिळविण्याची गरज खेळनिर्मात्यांना आरंभापासूनच होती. अमेरिकन खेळनिर्माते जॉर्डन मेकनर यांनी कराटेका (१९८४) या खेळासाठी आपल्या कराटे शिक्षकाचे चित्रण करून त्यावरून आकृत्या गिरविल्या. प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९) या खेळासाठी त्यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण केले. एक कॅमेरा, एक घरचा माणूस व पुष्कळ चिकाटी एवढ्यावर उभा राहिलेला हा खेळ त्याच्या सहज हालचालींमुळे जगभर गाजला. योगायोगाने याच मालिकेतील २००३ च्या द सँड्स ऑफ टाइम या खेळाची नवी आवृत्ती करण्याचे काम २०२० मध्ये यूबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे असल्याचे जाहीर झाले. तिच्या पहिल्या झलकेतील दृश्यांवर टीका झाली आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियल शाखेकडे सोपविण्यात आले.

लहान संस्था स्वतःच्या कल्पनेवर पूर्ण खेळ उभा करू शकते, हे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने सिद्ध केले. लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ मध्ये फसल्यानंतरही या संस्थेने राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध केला. राजस्थानी वास्तुकला व पहाडी चित्रशैली यांचा त्यात आधार घेतलेला आहे. परदेशात ब्रिटनच्या निन्जा थिअरी या संस्थेने सु. वीस जणांच्या चमूनिशी हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस (२०१७) हा खेळ केला. त्यासाठी तिने आपल्या कार्यालयातील सभाकक्षातच गतिग्रहणाची व्यवस्था उभारली आणि मुख्य भूमिका संस्थेतील चित्रपट-संकलक मेलिना युर्गेन्स यांनी केली.

साधने स्वस्त होण्याची कारणे : या बदलाचा पहिला टप्पा मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या उपकरणाने गाठला. नोव्हेंबर २०१० मध्ये सु. १५० डॉलर किमतीस विक्रीस आलेले हे उपकरण अवरक्त प्रकाशाचे ठिपके समोर टाकून वस्तूंचे अंतर मोजी व त्यावरून शरीराचे अवयव ओळखी. खेळण्यासाठी बनविलेल्या या वस्तूचा छोट्या निर्मात्यांनी लगेच गतिग्रहणासाठी वापर सुरू केला. २०१४ नंतर पर्सेप्शन न्यूरॉन, रोकोको इ. संवेदकयुक्त पोशाख तुलनेने कमी किमतीत मिळू लागले. जानेवारी २०२३ मध्ये सोनीने जपानमध्ये मोकोपी हा सहा संवेदकांचा संच ४९,५०० येनला विक्रीस आणला. दरम्यान कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी ओपनपोझ (२०१७) ही साध्या चित्रणातून सांधे ओळखणारी प्रणाली प्रसिद्ध केली आणि चिन्हरहित पद्धतीचा मार्ग खुला झाला. २००२ पासून मुक्त असलेली ब्लेंडर ही आज्ञावली, कार्नेगी मेलनचा अडीच हजारांवर नोंदींचा खुला संग्रह आणि अडोबीच्या मिक्सामो संग्रहातील तयार हालचाली यांमुळे नवशिक्यांचा खर्च आणखी घटला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वस्त साधने महागड्या नोंदींवरच शिकलेली आहेत. किनेक्टला अवयव ओळखता यावेत म्हणून त्याच्या आज्ञावलीस मोशन कॅप्चरच्या मोठ्या संग्रहावरून तयार केलेली कृत्रिम चित्रे दाखविण्यात आली होती. संशोधनात सर्रास वापरला जाणारा ह्यूमन ३.६ एम हा छत्तीस लक्ष ठेवणींचा संग्रह (२०१४) अवघ्या ११ नटांच्या नोंदींवरून सिद्ध झालेला आहे. ज्यांच्या हालचाली अशा संग्रहांत असतात, त्यांच्यासारख्या हालचाली यंत्र चटकन ओळखते; इतरांच्या बाबतीत ते चुकते.

छोट्या संस्थांतील कार्यपद्धती : अल्पखर्ची पद्धतीत दोन-तीन मोबाइल फोन तिकाटण्यांवर वेगवेगळ्या कोनांत ठेवतात. अंगाबरोबर बसणारे व भिंतीच्या रंगाहून वेगळे कपडे घातलेला नट प्रथम दोन्ही हात आडवे पसरून उभा राहतो, कारण या ठेवणीवरून सांगाड्याची मापे ठरतात. नंतर तो एक टाळी वाजवितो. टाळीचा आवाज व दृश्य यांच्या आधारे सर्व फोनांचे चित्रण एका क्षणी जुळविता येते. संगणकाने सांधे ओळखून दिल्यावर खऱ्या कामास आरंभ होतो. जमिनीवर टेकलेले पाऊल घसरताना दिसते, हात धडात शिरतो, मनगट थरथरते. हे दोष वक्ररेषा दुरुस्त करून काढावे लागतात. नटाची व पात्राची अंगमापे भिन्न असतील, तर गती नव्याने बसवावी लागते.

खेळांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. माणूस उडी मारण्यापूर्वी गुडघे वाकवितो, ठोसा मारण्यापूर्वी हात मागे घेतो. ही पूर्वतयारी जशीच्या तशी ठेवली, तर कळ दाबल्यानंतर पात्र उशिरा हलते व खेळणाऱ्यास ते आळशी वाटते. म्हणून अ‍ॅनिमेटर पूर्वतयारीच्या चौकटी कापतो व परिणामाच्या चौकटी ठळक करतो. चालण्या-धावण्याच्या आवर्तनात पहिली व शेवटची चौकट तंतोतंत जुळवावी लागते. उपनगरांतील गाळ्यांत व सदनिकांत पुरेशी लांबी व उंची क्वचितच मिळते. त्यामुळे लांब पल्ल्याची धाव, उंच उडी वा काठी फिरविणे तुकड्यातुकड्यांनी नोंदवून नंतर जोडणे भाग पडते. इमारतीतील लोखंडी गजांमुळे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि चुंबकमापक असलेल्या संवेदकांची दिशा हळूहळू ढळते. तात्पर्य, उपकरणाचा खर्च कमी झाला, तरी श्रमांचा खर्च नाहीसा झालेला नाही. तो नोंदणीपासून दुरुस्तीकडे सरकला आहे. या दुरुस्तीच्या कामाचा दीर्घ अनुभव असलेले कलाकार या उपनगरांत आहेत, हे येथील छोट्या संस्थांचे खरे भांडवल होय.

देशी हालचालींचा प्रश्न : नऊवारी साडी वा धोतर नेसलेल्या व्यक्तीचे गुडघे वस्त्राआड जातात. मांडी घालून बसले असता एक पाय दुसऱ्यास झाकतो. मल्लखांबावर शरीर उलटे होते व खांब अवयवांना लपवितो. फुगडीत दोन देह एकमेकांत गुंततात. उभ्या व सुट्या माणसांवर शिकलेली यंत्रे अशा ठिकाणी हमखास गोंधळतात. यावर उपाय म्हणून प्रथम घट्ट कपड्यांत हालचाल नोंदवितात व वस्त्र नंतर संगणकात चढवितात. परंतु नऊवारीत पाऊल कसे पडते, हे नऊवारी नेसल्यावाचून कळत नाही, म्हणून जाणकार नर्तिकेचा सल्ला यंत्राइतकाच आवश्यक ठरतो. तयार संग्रहातील चाल लावल्यास वारकऱ्याचे पाऊलही परदेशी सैनिकासारखे पडते. लेझीम, लाठी, कुस्तीतील डाव, जात्यावर बसण्याची ठेवण अशा हालचालींच्या काळजीपूर्वक केलेल्या नोंदी हा खेळनिर्मितीइतकाच सांस्कृतिक जतनाचाही विषय आहे.

कलावंतांचे हक्क : हालचालीची एक नोंद अनेक पात्रांना व अनेक खेळांना वापरता येते, म्हणून ती देणाऱ्याचा हक्क हा कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने २६ जुलै २०२४ रोजी खेळनिर्मात्यांविरुद्ध संप पुकारला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरापासून केवळ आवाज देणाऱ्यांनाच नव्हे, तर हालचाली देणाऱ्या कलावंतांनाही संरक्षण मिळावे, हा त्यातील प्रमुख वाद होता. नवा करार जुलै २०२५ मध्ये संमत झाला. भारतात १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात १९९४ व २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी प्रयोगकर्त्यांचे हक्क मान्य केले आहेत. अधिनियमातील व्याख्येत नट, नर्तक, कसरतपटू एवढेच नव्हे, तर गारुडीदेखील समाविष्ट आहे, तसेच प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती येते. मोशन कॅप्चरचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. मित्राच्या वा शेजारच्या आखाड्यातील मुलाच्या हालचाली फोनवर नोंदविणाऱ्या छोट्या संस्थेत लेखी करार बहुधा होत नाही. तयार खेळ लोकप्रिय झाल्यास अथवा त्या नोंदी यंत्रशिक्षणासाठी विकल्या गेल्यास या उणिवेचा फटका कलावंतास बसतो. नोंद कशासाठी, किती काळ व किती मोबदल्यात वापरावयाची, हे आधीच लिहून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

सद्यःस्थिती : महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्य-परिणाम व खेळनिर्मिती या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. त्याच वर्षी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही शिक्षणसंस्था सुरू झाली. १९७७ मध्ये वसविलेल्या गोरेगावच्या चित्रनगरीत तिचे कायमचे संकुल नियोजित आहे. मोठ्या संकुलांतील प्रगत यंत्रणा भाड्याने मिळणे व छोट्या संस्थांनी फोनच्या साहाय्याने प्राथमिक काम करणे असा दुहेरी मार्ग या क्षेत्रात सोयीचा ठरू शकेल.

मालाडच्या एका आवारात एके काळी ध्वनिमुद्रणापासून फिल्म धुण्यापर्यंत सारे काही होते, पण त्याची मालकी मोजक्यांकडे होती. आज हालचाल नोंदविण्याचे साधन कोणाच्याही खिशात असते. त्यामुळे साधन कोणाकडे आहे यापेक्षा नोंद कोणाच्या देहाची आहे, ती कोण सुधारतो आणि तिचे मोल कोणाला मिळते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे झाले आहेत. त्यांची न्याय्य उत्तरे मिळतील, तेथेच या स्वस्ताईचा लाभ कलावंत, कारागीर व निर्माते या तिघांनाही होईल.